फिनेल फिरवूनही बोका पुन्हा तिथेच का फवारतो?

पडद्याच्या खालच्या टोकाला, सोफ्याच्या पाठीला किंवा दाराच्या चौकटीला ओला पट्टा दिसला आणि घरभर उग्र वास सुटला, की निवाडा ठरलेला असतो. मांजर बिघडलं, नाहीतर आपण दोन दिवस गावाला गेलो, त्याचा सूड उगवतंय. दोन्ही निदानं चुकीची आहेत.

लघवी करताना मांजर खाली बसतं आणि जमिनीवर चांगलं थारोळं करतं. फवारताना ते उभं राहतं, भिंतीकडे पाठ करतं, शेपटी वर उचलून थरथरवतं आणि थोडीशीच धार मारतं. हेच मांजर एरवी शहाण्यासारखं ट्रेमध्ये जात असतं. फवारून ते वासाने आपली हद्द सांगतं, आणि सांगावीशी वाटण्याचं कारण पुष्कळदा खिडकीबाहेर असतं. तळमजल्याच्या ग्रिलशी रोज येऊन बसणारा सोसायटीतला बोका घ्या. घरात आणलेलं दुसरं मांजर किंवा नवं फर्निचरही पुरतं. मारलं, ओल्या जागेवर नाक घासलं, की भीती वाढते आणि भीतीबरोबर फवारणंही. ही शिक्षा कोणी शोधून काढली देव जाणे.

‘हे फक्त बोक्यांचं काम, नसबंदी केली की मिटलं’ यातलं अर्धंच खरं आहे. नसबंदी न झालेले बोके सर्वांत जास्त फवारतात, आणि शस्त्रक्रियेनंतर दहापैकी सुमारे नऊ जणांचं फवारणं थांबतं किंवा खूप कमी होतं. पण भाट्याही फवारतात, विशेषतः माजावर असताना. वयात येण्याआधीच नसबंदी झालेल्या मांजरांची एक अमेरिकन पाहणी १९८४ साली प्रसिद्ध झाली. त्यातले सुमारे १० टक्के बोके आणि ५ टक्के भाट्या मोठेपणी फवारत होत्या.

बोक्याच्या लघवीत फेलिनाइन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. लघवी शिळी होते तशी त्यातून वासाची संयुगं सुटत जातात, म्हणून जुना डाग जास्त झोंबतो. नसबंदीनंतर फेलिनाइन बरंच घटतं.

डाग दिसला की हात जातो तो फिनेलच्या बाटलीकडे. सगळ्यांत घातक चूक हीच. काळ्या फिनेलमध्ये फिनॉल जातीची रसायनं असतात. ती निष्प्रभ करून बाहेर टाकायला आपल्या यकृतात जी एन्झाइम्स असतात, त्यांतल्या एका महत्त्वाच्या एन्झाइमचं जनुक मांजरात निकामी झालेलं आहे. पुसलेल्या लादीवरून चालून मग पंजे चाटणारं मांजर हे विष पोटात घेतं. पांढरं फिनेल पाइन तेलाचं असतं, तेही त्याला बाधतं. कोपऱ्यात टाकलेल्या डांबराच्या गोळ्या विषारीच. लघवीवर ब्लीच ओतलं तर अमोनियाशी मिसळून घसा जाळणारा क्लोरामाइन वायू निघतो. एवढं करूनही आपल्या नाकाला लपलेला मूळ वास मांजराला येतच राहतो, आणि त्यावर चढलेला परका वास बघून ते पुन्हा तिथेच फवारू शकतं.

त्यापेक्षा एन्झाइम असलेली कपड्यांची डिटर्जंट पावडर कोमट पाण्यात विरघळवून जागा धुवावी, साध्या पाण्याने पुसून काढावी आणि पूर्ण वाळू द्यावी. पेट शॉपमध्ये खास एन्झाइम क्लीनर मिळतात. ते लगेच न पुसता डब्यावर लिहिलेला वेळ मुरू द्यायचे. वाळलेल्या जागी मांजराचं जेवणाचं भांडं ठेवून पाहा, कारण खायच्या जागी ते सहसा फवारत नाही. खिडकीच्या काचेला खालच्या बाजूने दुधी फिल्म लावली की बाहेरचा बोका दिसायचा थांबतो. घरात जितकी मांजरं, त्याहून एक ट्रे जास्त ठेवावा, आणि तोही वेगळ्या खोलीत.

फाटकाला निळीच्या पाण्याची बाटली टांगण्याचा कुत्र्यांवरचा उपाय काहीजण मांजरांवरही करून पाहतात. मांजराला निळा रंग दिसतो, पण त्याने घाबरावं असं काही कारण नाही.

एवढ्यानेही भागलं नाही तर फ्लुओक्सेटिनसारखी औषधं आहेत. त्यांनी फवारणं कमी होतं हे चाचण्यांत दिसलं आहे, मात्र औषध द्यायचं का आणि किती, हे पशुवैद्याने ठरवायचं. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय, कण्हतोय आणि थेंबच येतोय किंवा तोही येत नाही, असं असेल तर मात्र ते फवारणं नव्हे. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो, म्हणून मध्यरात्र असली तरी त्याला तेव्हाच दवाखान्यात न्यायचं.