१३० डॉलरांचा महानायक

निळा पोशाख, पाठीवर फडफडणारे लाल वस्त्र, छातीवर 'एस' हे अक्षर. सुपरमॅनला न ओळखणारे मूल आज विरळाच. परंतु त्याच्या जन्मामागील व्यवहार मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. व्यापारी कुटुंबांनी तो अवश्य जाणून घ्यावा.

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरातील जेरी सीगल आणि जो शुस्टर हे शाळासोबती. सीगल कथा लिही, शुस्टर चित्रे काढी. मंदीच्या त्या काळात त्यांचा नायक अनेकांनी नाकारला. अखेर १९३८ च्या मार्चमध्ये एका प्रकाशकाने १३ पानांचे १३० डॉलर दिले आणि नायकाचे सर्व हक्क कायमचे लिहून घेतले. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक १० सेंटला विकला गेला. पुढे रेडिओ, चित्रपट, खेळणी असा त्या नायकाचा विस्तार होत गेला.

१९४७ मध्ये दोघांनी न्यायालयात दाद मागितली. नायकाचे हक्क परत मिळाले नाहीत, उलट कथेवरील त्यांची नावेही गेली. शुस्टरची दृष्टी क्षीण होत गेली. १९७५ मध्ये सीगलने आपली व्यथा जाहीर केली, सहव्यावसायिक चित्रकार पाठीशी उभे राहिले. तेव्हा कायद्याचे बंधन नसतानाही मालक कंपनीने प्रत्येकी वार्षिक २०,००० डॉलर मान्य केले आणि नावेही परत दिली.

गरज आजची असते, सही पिढ्यांची. आणि ज्याच्या श्रमावर पेढी वाढली, त्याचे देणे कागदावर संपत नाही.