रायफल घेताय? आधी पाच छर्रे मारून बघा!

स्वप्नील कुसाळेचं पॅरिसचं ब्राँझ बघून तुम्हालाही ५० मीटरची बोल्ट-अ‍ॅक्शन पॉइंट टू-टू खुणावतेय? थांबा, तिला शस्त्रपरवाना लागतो. आणि शिकार म्हणाल, तर ती १९७२च्या कायद्याने बंदच. सुरुवात १० मीटर एअर रायफलने करा. पण बाबांना खर्चात पाडण्याआधी क्लबच्या रायफलवर हात बसवा. मी घाईत सेकंडहँड घेतली; दस्ता लांब, मान अवघडायची, नेम हुकायचा. सेकंडहँड वाईट नसते हो, फक्त आधी टेकू देऊन एकाच बिंदूवर पाच छर्रे मारा. भोकं एकमेकांत मिसळली तर नळी चांगली. विखुरली, तर छर्ऱ्यांचा ब्रँड बदलून पुन्हा मारा. या खेळात दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो!