प्रबंधात वस्ती कुठे आहे?

तंत्रज्ञान आणि विकास या विषयावर पदव्युत्तर पदवीचा प्रबंध लिहिणारे विद्यार्थी नगर जिल्ह्यात येतात, ते बहुधा दोन गावांच्या ओढीने. एक पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी, दुसरे नगर तालुक्यातील हिवरे बाजार. मुंबईहून येतात, पुण्याहून येतात, परदेशातूनही येतात. सरपंचांची मुलाखत घेतात, बंधाऱ्यापाशी उभे राहून फोटो काढतात, विहिरींची पाणीपातळी लिहून घेतात आणि निघून जातात. पुढे वर्षभरात एक जाडजूड प्रबंध तयार होतो. त्यात नकाशे असतात, आलेख असतात, उपग्रहाने टिपलेली हिरवाई असते. नसते ती गावाच्या कडेची वस्ती. आमचा सवाल एवढाच आहे की, विकासाचे मोजमाप करायला निघालेल्या या शहाण्यासुरत्या मुलांना गावात जात दिसत नाही, की ती पाहू नये असे त्यांना शिकवलेले असते?

या दोन गावांनी काहीच केले नाही असे म्हणण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. चार-पाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात पाणी अडवून जिरवणे ही खायची गोष्ट नाही. हिवरे बाजारने १९९४ साली आदर्श गाव योजनेत भाग घेतला. पुढे शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर बंदी घातली, उसासारखी पाणीखाऊ पिके नाकारली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात उसाला नाही म्हणणे म्हणजे हिंमतच. त्याचे श्रेय ज्याचे त्याला मिळालेच पाहिजे. परंतु श्रेय देणे वेगळे आणि डोळे मिटून आरती ओवाळणे वेगळे. प्रबंध हा आरतीसंग्रह नव्हे.

आता या अभ्यासक्रमांत आमची मुले-मुलीही आली आहेत, म्हणून हा विषय आम्हाला महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या आयआयटीत १९८५ साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र निघाले, ते ‘सितारा’ या नावाने ओळखले जाते. तेथे २००७ पासून तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. करता येते आणि विद्यार्थ्याला काही आठवडे खेड्यात राहावे लागते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ठिबक सिंचनावर, मृदसंधारणावर प्रबंध होतात. नगरच्या सीएसआरडी संस्थेत समाजकार्याचे विद्यार्थी गावोगाव जाऊन संशोधन अहवाल लिहितात. ज्या वस्तीवर आजवर दुसऱ्यांनी लिहिले, किंवा लिहिलेच नाही, त्या वस्तीतले पोर आज वही घेऊन गावात शिरते आहे. त्याने काय विचारावे, हा प्रश्न चळवळीचा आहे. तो एकट्या विद्यापीठावर सोडून कसे चालेल?

बाबासाहेब हे स्वतः प्रबंध लिहिणारे विद्यार्थी होते, हे आपण जयंतीच्या मिरवणुकीत विसरतो. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार तपासला. १९२१ साली लंडनमध्ये एम.एस्सी.साठी प्रांतिक वित्ताच्या विकेंद्रीकरणावर लिहिले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. मिळवली. त्यांची पद्धत पाहा. सरकारचेच हिशेब, सरकारचेच अहवाल घ्यायचे आणि हा पैसा कोणाच्या खिशातून आला व कोणाच्या कामी लागला, हे त्यातून काढायचे. १९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात तर त्यांनी सगळ्या तज्ज्ञांना उलटे उभे केले. तज्ज्ञ म्हणत होते, जमिनीचे तुकडे झाले म्हणून शेतकरी गरीब. बाबासाहेब म्हणाले, जमीन लहान की मोठी हे तिच्या आकारावर ठरत नाही. तिच्यावर भांडवल, अवजारे आणि माणसे किती लावली यावर ते ठरते. शेतीवर पोट भरणाऱ्यांची गर्दी झाली आहे, तिला उद्योगधंद्यात वाट काढून दिल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही. तंत्रज्ञान आणि विकास म्हणतात तो विषय तरी दुसरा कोणता? हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले, तेव्हा दामोदर खोऱ्याची योजना आणि केंद्रीय जलमार्ग व पाटबंधारे आयोग त्यांच्या खात्यातून उभे राहिले. धरण आणि वीज यांना ते भ्याले नाहीत. यंत्राला शिव्या घालणाऱ्यांशी त्यांचे कधी जमले नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे, एवढे मात्र ते विचारीत.

हाच प्रश्न पाणलोटाला विचारून पाहा. पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे चालते. आधी डोंगरावर समतल चर खोदायचे, मग उतारावर बांधबंदिस्ती, मग ओढ्यावर नाला बांध आणि पाझर तलाव. माथ्यावर अडवलेले पाणी जमिनीत मुरते आणि खाली विहिरींत उतरते. म्हणजे चर खोदले जातात माथ्यावर आणि पाणी चढते पायथ्याला. पायथ्याची, ओढ्याकाठची काळी जमीन कोणाची असते, हे नगर जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि माथ्यावर टिकाव-फावडे घेऊन कोण उभे असते, हेही. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन आमच्या आयाबायांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली. त्यांना मजुरी मिळाली आणि काम संपले. विहिरीवाल्याला मिळाले ते दरवर्षीचे पाणी. एकाची मजुरी त्या हंगामातच खाऊन संपली, दुसऱ्याच्या जमिनीची किंमत कायमची वाढली. मग प्रबंधात लिहिले जाते की गावाचे सरासरी उत्पन्न इतके पट वाढले! अहो, ज्याच्याकडे विहीर आहे आणि ज्याच्याकडे हंडाही धड नाही, त्या दोघांची बेरीज करून दोनाने भागले की आलेला आकडा दोघांपैकी एकाचाही नसतो.

जिल्ह्यात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचे मोठे काम झाले. फादर हर्मन बाकर यांच्या पुढाकाराने १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था निघाली, संगमनेर तालुक्यात मेंढवणसारख्या गावात काम उभे राहिले. तेथील आखणी गटनिहाय होते. शेतकऱ्याला, अगदी नवरा-बायको दोघांनाही, त्यांच्याच रानात उभे करून कुठे बांध हवा ते विचारले जाते. पद्धत चांगली आहे. पण ज्याच्या नावावर गटच नाही, त्याला कोणत्या बांधावर उभे करून विचारणार?

आणि चराईबंदी! नसबंदी, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री राळेगणपासून सगळीकडे गेली. चराईबंदी ऐकायला फार चांगली. पण ती लागू होते गायरानावर आणि माळावर. ज्याच्या बांधाला चारा आहे, त्याची म्हैस गोठ्यात उभी राहून खाते. जिची दोन शेरडे माळावर चरून पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवत होती, त्या भूमिहीन बाईची शेरडे विकली जातात. काही वर्षांनी गवत वाढते, दूध वाढते, दुधाचा आकडा प्रबंधात जातो. विकलेल्या शेरडांचा तक्ता कोणी करीत नाही.

राळेगणबद्दल वेगळे लिहिणारे कोणी झालेच नाहीत असे नाही. मुकुल शर्मा यांनी २००६ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्या गावातील नैतिक सत्तेची चिकित्सा केली आणि पाणलोटाच्या यशामागे दलितांना कोणत्या चौकटीत बसवले गेले, त्यांच्या खाण्यापिण्यापर्यंत ही चौकट कशी पोहोचली, हे मांडले. पुढे २०११ साली देशभर जे आंदोलन गाजले, त्या वेळी टीव्हीवाल्यांनी हा लेख उघडूनही पाहिला नाही. पाहिला असता तर कार्यक्रमाची मजा गेली असती. असो.

ज्या विद्यार्थ्याला खरोखर तंत्रज्ञान आणि जात एका ठिकाणी पाहायची आहेत, त्याला आम्ही राळेगणचा रस्ता सोडून जामखेडला जायला सांगू. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेथे १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पाठोपाठ दुष्काळ आला. रोगराईचे मूळ पाण्यात आहे हे डॉक्टरांना दिसत होते आणि पाण्याचे मूळ जातीत आहे हेही. बसाल्टचा कठीण खडक फोडून खोल छिद्र घेणारी यंत्रे त्याच सुमारास मिशनरी संस्थांमार्फत मराठवाड्यात आणि सोलापूर भागात आली होती. जालन्याचा पंप, सोलापूरचा पंप असे हातपंप तेथेच घडले आणि सोलापूरच्या पंपावरूनच पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क-दोन हा पंप तयार झाला. आरोळे दांपत्याने या नव्या यंत्राचे काय केले? कूपनलिका दलित वस्तीत घ्यायच्या असा धोरणीपणा केला. झाले! गावची विहीर आटलेली, पाणी फक्त वस्तीतल्या पंपाला. ज्या बाया वस्तीची सावली टाळत होत्या, त्या घागरी घेऊन वस्तीत आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या.

येथे थोडे थांबून विचार करावा असे आम्हाला वाटते. पंप तोच, लोखंड तेच, खडकही तोच. हाच पंप मारुतीच्या देवळासमोर बसवला असता तर आमच्या बाया लांब उभ्या राहून कोणी पाणी वाढते का याची वाट पाहत बसल्या असत्या. पन्नास-शंभर पावलांच्या फरकाने एका यंत्राचा अर्थ उलटला. उघड्या विहिरीवर दोर आणि पोहरा असतो, तो बाटतो, म्हणून तेथे पहारा करता येतो. झाकलेल्या छिद्रातून येणाऱ्या पाण्यावर असा पहारा करणे अवघड जाते. दांडा मात्र सगळ्यांनाच धरावा लागतो. महाडला १९२७ साली जो हक्क ओंजळीने घ्यावा लागला आणि त्यासाठी डोकी फुटली, त्याच हक्काचा एक लहानसा तुकडा जामखेडच्या माळावर पंपाच्या जागेतून मिळाला. जात गेली असे आम्ही म्हणणार नाही. त्याच जामखेड तालुक्यात खर्डा आहे आणि २०१४ साली तेथे काय घडले ते वाचक विसरलेले नाहीत. पंप बसवून जात जाणार असती तर आणखी काय हवे होते? परंतु जागा ठरवणे हा तंत्रज्ञानाचाच भाग आहे, एवढे तरी यातून शिकता येते. या प्रकल्पात ज्या बायका आरोग्यसेविका झाल्या, त्यांत कितीतरी दलित आणि निरक्षर होत्या. बाळंतपण, रक्तदाब, क्षयरोग यांचे ज्ञान त्यांच्या हाती आले आणि सवर्णांच्या माजघरात त्यांना बोलावणे आले. या बायकांवर एक प्रबंध म्हणजे दहा बंधाऱ्यांवरील प्रबंधांच्या तोडीचे काम होईल.

शेततळ्याचेही तेच. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ अशी योजना आली, ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान होते. नाव मोठे गोड. पण मागणाऱ्याच्या नावावर ठराविक जमीन हवी, म्हणजे मागेल त्याला नव्हे, असेल त्याला. त्यातही प्लास्टिक अंथरून विहिरीचे पाणी उपसून तळ्यात साठवण्याची चाल पडली, म्हणजे जमिनीखाली सगळ्यांचे होते ते पाणी वर येऊन एकाचे झाले. दुसरीकडे भूमिहीनांसाठी २००४ पासून दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजना आहे. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत असे तिचे माप. म्हणजे पाणी आले की जमिनीची ताकद दुप्पट होते, हे शासनाने स्वतःच कबूल केले आहे. मग पाणलोटाने गावातली जमीन महाग झाल्यावर सरकारी दरात ती विकायला कोण तयार होईल? या दोन योजना समोरासमोर ठेवून एका तालुक्याचा अभ्यास कोणी करील तर आम्ही तो या पानावर आनंदाने छापू.

असा अभ्यास करायचा तर बंधाऱ्यापेक्षा तलाठ्याचे दप्तर महत्त्वाचे. सातबारावर इनाम वर्ग ६-ब असा शेरा असलेले गट शोधावेत. ती आमची वतनाची जमीन. वतनाच्या प्रश्नावर याच जिल्ह्यात, हरेगावला, १९३९ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी परिषद घेतली होती. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, जमीन फेरवाटपाने परत मिळाली, ती विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल अशी अट पडली. आज त्या गटावर कोणाची विहीर आहे, कोणाचा ऊस आहे, हे पीकपाहणीत दिसते. मग गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही पाहावी. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने घेतला होता. त्यातली किती नावे सातबारावर चढली आणि किती जागांवर समतल चर खोदून झाडे लावली गेली? पाणलोटाचा नकाशा आणि ही नोंदवही एकावर एक ठेवली की जे दिसते, ते उपग्रहाला दिसत नाही.

यावर मार्गदर्शक म्हणतात, जात हा समाजशास्त्राचा विषय, तुम्ही पाण्याचे बोला. अशी विभागणी कोणाच्या सोयीची आहे, ते २०२२ साली स्पष्ट झाले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी मिळणाऱ्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या नियमांत त्या वर्षी केंद्र सरकारने अट घातली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाजावरील संशोधनाचे विषय चालणार नाहीत. म्हणजे आमच्या मुलाने परदेशात जाऊन पंप शिकावा, पंप कुठे बसवला ते विचारू नये! कोलंबियात १९१६ साली भारतातील जातींवर निबंध वाचणारा विद्यार्थी या नियमाखाली अर्ज करता तर काय झाले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

तेव्हा प्रबंधाच्या शीर्षकात पाणीच राहू द्या, भूजल राहू द्या, शेततळे राहू द्या. प्रश्नावलीत मात्र चार रकाने वाढवा: घर गावठाणात की वस्तीत, नळ किंवा पंप किती पावलांवर, विहीर कोणाच्या नावावर, गायरानावर पूर्वी काय चरत होते. आणि प्रबंध मान्य झाला की त्याचा दहा-वीस पानी मराठी सारांश काढून वस्तीतल्या समाजमंदिरात नेऊन वाचा. आकडा चुकला असेल तर म्हातारी माणसे तिथल्या तिथे सांगतील.