ज्येष्ठातला तिसरा तारा

मुलांनो, जून महिन्यात आभाळ उघडलेलं असेल तेव्हा रात्री दहाच्या सुमारास गच्चीवर जा नि दक्षिणेकडे बघा. आपल्या हिंगोलीहून वृश्चिकाचा विंचू छान दिसतो. त्याच्या छातीत तीन तारे आहेत. कॅलेंडरमधलं ज्येष्ठा नक्षत्र ते हेच. मधला लालसर तारा ओळखीचा असतो. आज सांगायचं आहे ते त्याच्या डावीकडे, जरा खाली असलेल्या मंद ताऱ्याविषयी. त्याचं नाव टाऊ स्कॉर्पी.

तो सुमारे ४७० प्रकाशवर्षे दूर आहे. तिथून चिमूटभर वायू कोण आणणार? तरी त्यात कोणती मूलद्रव्ये किती, हे मोजता येतं. लोलकातून प्रकाश गेला की रंगांचा पट्टा, म्हणजे वर्णपट, पडतो. ताऱ्याच्या वर्णपटात बारीक काळ्या रेषा असतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांची जागा ठरलेली. मग ठळक रेषा म्हणजे ते मूलद्रव्य जास्त? थांबा, इतकं सोपं नाही! ठळकपणा उष्णतेवरही अवलंबून असतो. तो हिशेब कसा मांडायचा, हे आपल्या मेघनाद साहांनी १९२० साली दाखवलं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा. त्याच्या वर्णपटात लोखंडासारख्या धातूंच्या रेषांची ही गर्दी. टाऊ स्कॉर्पी तीस हजार अंशांचा. तिथे रेषा मोजक्या, नि हेलियमही स्पष्ट दिसतो.

खरी गंमत पुढेच आहे. मालगाडी भोंगा वाजवत स्टेशनातून न थांबता जाते, तेव्हा येताना आवाज चढा नि जाताना उतरलेला लागतो ना? प्रकाशाचंही तसंच. तारा भिंगरीसारखा फिरत असेल तर त्याची एक कड आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते. एकीच्या रेषा निळ्याकडे सरकतात, दुसरीच्या तांबड्याकडे. ओल्या कागदावर शाई फुटावी तशी रेषा पसरते, शेजारणीत मिसळते. बारीक रेषा तर दिसेनाशाच होतात. तप्त तारे बहुधा असेच, सेकंदाला शंभर-दोनशे किलोमीटर वेगाने फिरणारे. आपला तारा मात्र एका फेरीला ४१ दिवस घेतो! त्याच्या रेषा सुईसारख्या.

अल्ब्रेख्ट उन्झोल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १९३९ साली अमेरिकेत त्याचा वर्णपट टिपला आणि पुढे काही वर्षं हिशेब केला. तेव्हा संगणक नव्हते, बरं का. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचा इतका बारकाईने झालेला हा पहिला हिशेब. हायड्रोजन पुष्कळ, दहा-बारा अणूंमागे एखादा हेलियमचा. कार्बन, ऑक्सिजन वगैरे सगळे मिळून हजारात जेमतेम एखादा.

पण पुढच्या मोजण्यांत नायट्रोजन अपेक्षेपेक्षा जास्त निघाला. तो तयार होतो ताऱ्याच्या पोटातल्या भट्टीत. वर कसा आला? जोरात फिरणाऱ्या ताऱ्यात तो ढवळून वर येतो म्हणावं, तर हा इतका संथ! २००६ साली या ताऱ्याभोवती चुंबकीय क्षेत्र असल्याचंही कळलं. २०१९ साली काही शास्त्रज्ञांनी संगणकावर गणित मांडून दाखवलं, की दोन तारे एकमेकांत मिसळून असा एक तारा होऊ शकतो. तसंच घडलं का, ते अजून ठरायचं आहे. नायट्रोजन मात्र तिथे जास्त आहे.