पटावरची समान संधी

पटावरील खेळांत शरीरबळापेक्षा विचारशक्तीची कसोटी लागते. चीन, जपान व कोरिया या देशांत 'गो' या खेळाला जो मान आहे, तो भारतात बुद्धिबळाला आहे. पटापुढे बसलेल्या दोघांनाही सारखीच सोळा मोहरी आणि विचारासाठी सारखाच वेळ मिळतो. परंतु या पटापर्यंत पोहोचण्याची संधी स्त्रियांना सहजासहजी मिळाली नाही.

१९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर यांनी पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत भाग घेतला. तेव्हा त्या अवघ्या तेरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या सहभागावरून वाद उद्भवला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला, की स्त्रियांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून वगळता येणार नाही. पुढे १९८१ साली हैदराबाद येथे रोहिणी यांनी एकही डाव न गमावता आशियाई महिला अजिंक्यपद मिळवले. त्यांच्या भगिनी वासंती व जयश्री यांनीही राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले होते.

या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातील बातुमी या शहरी गाठला गेला. तेथे महिलांची विश्वचषक स्पर्धा भरली होती. ही स्पर्धा बाद पद्धतीची असते. प्रत्येक फेरीत दोन प्रतिस्पर्धी परस्परांशी दोन डाव खेळतात. एकीला पांढरी मोहरी मिळाली, तर पुढच्या डावात तिला काळी घ्यावी लागतात. बरोबरी झाल्यास कमी वेळेचे जलद डाव होतात. हरणारी खेळाडू स्पर्धेबाहेर जाते.

स्पर्धेच्या मानांकनात नागपूरची दिव्या देशमुख पंधराव्या स्थानी होती. तिने एकापाठोपाठ एक वरच्या मानांकनाच्या खेळाडूंना नमवले. अंतिम फेरीत तिची गाठ कोनेरू हंपी यांच्याशी पडली. हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाल्या, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलै रोजी पहिला जलद डावही अनिर्णित राहिला. दुसऱ्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळून दिव्याने विजय मिळवला. त्या वेळी तिचे वय एकोणीस वर्षे होते.

ग्रँडमास्टर हा किताब मिळवण्यासाठी सामान्यतः अनेक स्पर्धांत ठरावीक दर्जाची कामगिरी करावी लागते. विश्वचषक विजेतीला मात्र तो थेट मिळतो. त्यामुळे दिव्या भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर आणि हा किताब मिळवणारी चौथी भारतीय स्त्री ठरली. अनुभव, वय आणि कीर्ती यांत मोठे अंतर असूनही दोघींना मोहरी आणि वेळ सारखाच मिळाला. निकाल ठरला तो केवळ पटावरील चालींवर. समान नियमांचे मोल यातच आहे.