क्रमिक प्रकटीकरण

क्रमिक प्रकटीकरण ही संगणकीय आज्ञावलींच्या आरेखनातील एक पद्धत आहे. या पद्धतीत बहुसंख्य वापरकर्त्यांना नेहमी लागणाऱ्या मोजक्या सुविधा प्रथम पडद्यावर दाखवल्या जातात. क्वचित लागणाऱ्या किंवा गुंतागुंतीच्या सुविधा वापरकर्त्याने मागितल्यावर पुढील पातळीवर उघडतात. नवशिक्याचा गोंधळ उडू नये आणि जाणकाराचे कामही अडू नये, असा तिचा दुहेरी उद्देश असतो. छपाईची चौकट हे याचे परिचित उदाहरण आहे. तिच्यात प्रतींची संख्या समोर दिसते, तर कागदाचा प्रकार किंवा छपाईचा दर्जा यांसारख्या बाबी 'अधिक पर्याय' निवडल्यावर दिसतात.

पार्श्वभूमी

१९८४ मध्ये आयबीएममधील जॉन कॅरोल आणि कॅरोलिन कॅरिदर्स यांनी एका शब्दप्रक्रिया प्रणालीवर प्रयोग केला. नवशिक्यांसाठी तयार केलेल्या आवृत्तीत प्रगत आज्ञा यादीत दिसत. पण त्या निवडल्यास 'उपलब्ध नाही' अशा अर्थाचा संदेश येई. ही आवृत्ती वापरणाऱ्यांनी मूलभूत काम अधिक लवकर पूर्ण केले, कारण चुका निस्तरण्यात त्यांचा कमी वेळ गेला.

स्प्रेडशीटचे उदाहरण

१९७९ मध्ये आलेल्या व्हिजिकॅल्कपासून स्प्रेडशीटची मूळ रचना फारशी बदललेली नाही. एकाच चौकोनात आकडा, सूत्र किंवा मजकूर लिहिता येतो. घरखर्चाची बेरीज करणाऱ्याला सूत्रांची संपूर्ण यादी माहीत असण्याची गरज नसते. लेखापाल मात्र त्याच तक्त्यात गुंतागुंतीची सूत्रे रचू शकतो, आणि एक्सेलमध्ये मॅक्रोही लिहू शकतो. गरज वाढली तरी पहिल्यांदा शिकलेले वाया जात नाही.

मर्यादा

सुविधा लपवण्याची किंमतही असते. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००० मध्ये कमी वापरल्या जाणाऱ्या आज्ञा मेनूतून आपोआप लपत. यादी पूर्ण उघडली की त्या मधेमधे प्रकटत आणि ओळखीच्या आज्ञांच्या जागा सरकत. त्यामुळे सवयीने आज्ञा शोधणे कठीण होई. ऑफिस २००७ मधील मुख्य कार्यक्रमांत या मेनूंऐवजी रिबन आली. पातळ्या दोनपेक्षा अधिक झाल्यास वापरकर्ते बहुधा वाट चुकतात, असे उपयोज्यतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी नोंदवले आहे.

म्हणून दुय्यम सुविधेची जागा स्थिर आणि तिच्याकडे नेणारी खूण स्पष्ट असणे आवश्यक मानले जाते. मेनूत आज्ञेशेजारी छापलेला कळफलकाचा संक्षिप्त मार्ग ही अशीच एक खूण आहे. नवशिक्या तिच्याकडे दुर्लक्ष करू शकतो, आणि रोज तेच काम करणारा ती हळूहळू आत्मसात करतो.