तुरटी पाणी कशी निवळते?

आषाढ लागला की लोणावळ्याजवळच्या औंढ्यात काय, साऱ्या मावळातच ओढ्यांना लाल पाणी येतं. हंडाभर पाणी तासभर ठेवलं तरी निवळत नाही. मग आजी त्यात तुरटीचा खडा फिरवते आणि थोड्या वेळानं गाळ तळाशी बसतो. मीठही पाण्यात विरघळतं. पण चिमूटभर मिठानं हंडा निवळलेला कुणी पाहिलाय?

मातीच्या बारीक कणांवर ऋणभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून कण तरंगत राहतात. मिठातल्या सोडियमच्या आयनावर एकच धनभार. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमवर तीन, आणि आकार सोडियमच्या जेमतेम निम्मा! एवढ्याशा जागेत एवढा भार असल्यावर तो शेजाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही. शेजारी असतो पाण्याचा रेणू. त्यातल्या ऑक्सिजनभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा ढग तो स्वतःकडे ओढतो. या ताकदीला ध्रुवीकरण शक्ती म्हणतात. (निवडणुकीच्या बातम्यांतलं ध्रुवीकरण वेगळं!) आणि ढग जितका सहज ओढला जातो, तितकी त्याची ध्रुवणशीलता जास्त. आयनांबाबतचे याचे नियम काझिमिर फायान्स यांनी 1923 च्या सुमारास मांडले.

ढग ओढला गेला की रेणूतल्या हायड्रोजनवरची पकड सैल होते आणि तो सुटून पाण्यात जातो. तुरटीचं पाणी किंचित आंबट होतं ते त्यामुळे. मागे अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा मऊ साका उरतो. तो मातीच्या कणांना गुंडाळून खाली नेतो. त्याच तुरटीतलं पोटॅशियम मात्र नुसतं बघत बसतं. आकार मोठा, भार एकच.

सुटलेला हायड्रोजन मुरवायला पाण्यात बायकार्बोनेट लागतं. विहिरीच्या पाण्यात ते असतं, पागोळ्यांच्या पाण्यात जवळजवळ नसतं. तिथे साका नीट धरत नाही. जलशुद्धीकरण केंद्रात अशा वेळी चुना घालतात.

मुळात ओढा लाल का, तर तेही याच न्यायानं. सह्याद्रीचा काळा खडक झिजताना सोडियम, कॅल्शियम पाण्याबरोबर वाहून गेले. पाण्याशी घट्ट बांधले गेलेले लोह आणि अ‍ॅल्युमिनियम जागेवर राहिले. लाल रंग लोहाचा.

आता सर्वांत महत्त्वाचं. गाळाबरोबर काही जंतू खाली बसतात, सगळे नाहीत. तेव्हा तुरटी जास्त फिरवून उपयोग नाही. वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्यावं, आणि उकळूनच प्यावं.